गंध लावलेल्या सीडी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझी मराठी तंजावरकडची, चुलीजवळ शिकलेली. अशा मुलीने चार लोकांनी वाचावं म्हणून लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. त्याची आधीच माफी मागते. पण सीडीला गंधकुंकू लावणाऱ्या माणसाबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

मल्हारराव मामा कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची संगणकखोली सांभाळतात. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. पण कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून मामा. बाकीच्यांचे ते ‘राव सार’. दर सरस्वतीपूजेला ते पुस्तकांशेजारी सगळ्या सीडी मांडतात आणि एकेकीला गंध लावून वर कुंकू टेकवतात. तेही चमकत्या बाजूला.

यंदा ग्रंथपाल मॅडमनी मला काम दिलं : कॉलेजचा डिजिटल संग्रह तपासून काय उघडतं, काय बिघडत चाललंय आणि आधी काय वाचवायचं, ते ठरव. पहिलीच सीडी उघडेना.

“मामा, मशीन याच बाजूने वाचतं! इथेच गंध?”

“मग कुठे? देवाच्या पाठीला लावतात काय गे?”



मी तीन खोकी मांडली : तातडीचं, नंतरचं, टाकायचं. जेवून परत आले तर टाकायचं खोकं रिकामं आणि तातडीच्या खोक्याला शीग आलेली.

“सगळंच पहिलं!” हे त्यांचं पालुपद.

“अहो, क्रीडादिनाच्या या एकसारख्या प्रती आहेत.”

“जुळी झाली तर एक टाकून देतात? आधी हात धू, मग शिव त्याला.”

अय्यो! दिवसभर मी हात धूत होते आणि मामा खोकी बदलत होते.

शेवटी मॅडमनी सांगितलं, न उघडणाऱ्यांपैकी एकच सीडी चेन्नईच्या जाणकाराकडे पाठवता येईल. मी ताडपत्रांच्या फोटोंची काढली. मामांनी पहिल्यांदाच वाद न घालता दुसरी पुढे केली : ग्रंथालयाचं उद्घाटन. मधल्या भोकाभोवती कुंकवाची जाड पुटं.

मी चिडलेच. “फीत कापण्यापायी ताडपत्रं सोडायची? त्यात आहे काय एवढं?”

“ती आहे.”

“कोण?”

“आमची. कॅमेरा माझ्याकडे होता. ती मला शोधत आली, शेजारी उभी राहिली, काहीतरी बोलली. दिसत नाही, नुसता आवाज आहे.” ते सीडीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गे. ती गेल्यापासून घरी मराठी बोलायला कोणी नाही. म्हणून हिला दोनदा गंध लावायचो.”

ताडपत्रांचे फोटो पुन्हा काढता येतील, असं मी मॅडमना लिहून दिलं.

मग रोजचा छळ. मी जिना चढायच्या आत वरून हाक : “आलं काय?” नाही म्हटलं की माउस पुसत बसायचे.

काल चेन्नईहून फोन आला. मी धावत वर गेले. मामांनी हातातला माउस खाली ठेवला. उठून उभे राहिले.

“मामा, दीपप्रज्वलन गेलं. भाषणं गेली. फीत कापणंही गेलं. अगदी शेवटचा, कडेजवळचा तुकडा तेवढा निघाला.”

“त्यात काय?”

“एक बाई म्हणतायत, ‘अहो, पुरे आता. भात गार होतो. घरी चला.’”