इंगेरबाईंचं प्रस्थान

इंगेरबाईंची बॅग शुक्रवारीच शेजारच्या नागोजीरावांकडे नेऊन ठेवायची, एवढंच ठरलं होतं. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. बॅग लहान, नागोजीरावांचं घर पूर्वेला लागूनच, आणि नागोजीरावांचा स्वभाव असा की शेजाऱ्याची बॅगच काय, म्हैस आणून बांधली असती तरी त्यांनी तिला वेळेवर चारा घातला असता. पण त्या बॅगेत काय ठेवावं हे दामोदररावांनी सुचवलं, आणि तिथून सगळं घसरत गेलं.

दामोदरराव रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. म्हैसूरच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण गिरिजाबाई, म्हणजे अक्का, अशी दोनच माणसं. पत्नी वनजा जाऊन दोन वर्षं झाली होती. माडीवरची खोली रिकामी राहू नये म्हणून (आणि संध्याकाळी घरात काही आवाज असावा म्हणून, पण हे कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं) त्यांनी ती भाड्याने दिली. भाडेकरू मिळाल्या त्या थेट डेन्मार्कच्या. इंगेरबाई साठीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दिल्लीत एशियाड होऊन गेलं त्याच्या पुढच्या वर्षी त्या म्हैसूर बघायला टूरिस्ट म्हणून आल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सीतालक्ष्मीबाईंची वीणा त्यांच्या कानावर पडली, आणि त्या पुढे कुठे गेल्याच नाहीत.

सकाळी वीणा, दुपारी अक्कांकडून मराठी, संध्याकाळी दामोदररावांशी बुद्धिबळ. मराठी त्या रोज थोडं शिकत आणि बुद्धिबळात दामोदररावांना रोज पूर्ण हरवत. जाण्याआधी बाईंना एकदा तरी हरवायचं, असं दामोदरराव म्हणत. त्यांच्या खेळाची गती बघता याचा अर्थ एवढाच होता की बाईंनी कधी जाऊ नये.

अडचण व्हिसाची होती. मुदत संपत आली होती.

"तीन मार्ग आहेत," दामोदरराव घोडा हातात धरून सांगत. "एक, इथेच मुदत वाढवून घेणे. दोन, कोलंबोला जाणे आणि नवा व्हिसा घेऊन परत येणे. तीन, विद्यार्थी होणे. प्रत्येकाचे फायदे आहेत, तोटे आहेत."

"चौथाही आहे," अक्का वाती वळता वळता म्हणत. "ऑफिसात जाऊन विचारणे."

"अक्का, आधी ऑफिसात जायचं नसतं. आधी अभ्यास करायचा असतो. मी तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. अभ्यास न करता येणाऱ्या माणसाचं आम्ही काय करत होतो ते मला ठाऊक आहे."

"घोडा गेला, मिस्टर दामोदर," इंगेरबाई म्हणत.

हा अभ्यास दोन महिने चालला. शेवटी इंगेरबाईंनी, वाद न घालता, सोमवारच्या मद्रास गाडीचं तिकीट काढलं. मंगळवारी मुदत संपत होती, त्याच दिवशी मद्रासहून कोलंबोचं विमान. दामोदरराव त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर हरले.

तिकीट बघून अक्कांनी पंचांग काढलं.

"सोमवारी पूर्वेला नाही."

"मद्रास पूर्वेलाच आहे, अक्का. त्याला आता काही इलाज नाही."

"म्हणून तर प्रस्थान ठेवायचं. शुक्रवारी चांगल्या वेळेला तिची बॅग शेजारी ठेवू. बॅग निघाली म्हणजे माणूस निघालं. मग सोमवारी तिने नुसतं तिथून बॅग उचलून चालू पडायचं. सरि?"

दामोदरराव एरवी अक्कांशी पुष्कळ वाद घालत, पण या बाबतीत नाही. वनजाला हॉस्पिटलात नेलं तेव्हा कुणी वार बघितला नव्हता. दोन दिवसांत येते म्हणून ती स्वतः चपला घालून रिक्षात बसली होती. तेव्हापासून अक्का दळण आणायला निघालेल्या माणसालाही थांबवून आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

शुक्रवारी बॅग भरताना अक्कांनी नारळ ठेवला, शाल ठेवली.

"शाल कशाला?" दामोदरराव म्हणाले. "शालीवाचून काही प्रवास अडत नाही. जिच्यावाचून प्रवास होऊच शकत नाही अशी वस्तू आत पाहिजे. तर ते खरं प्रस्थान."

इंगेरबाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. त्यांनी क्षणभर विचार केला, माडीवर गेल्या, आणि पासपोर्ट आणून शालीखाली ठेवला.

शनिवारी सकाळी त्या सीतालक्ष्मीबाईंचा निरोप घ्यायला गेल्या. परत आल्या त्या हातात गुरूंची एक चिठ्ठी घेऊन.

"नवरात्रात त्यांच्या घरी मी वाजवायचं आहे, असं त्या म्हणतात. मी जाते म्हटलं तर त्या बोलायच्याच थांबल्या. मिस्टर दामोदर, मला राहायचंय."

दामोदररावांनी चटणी समजून इडलीवर कॉफी ओतली आणि ती तशीच खाल्ली. मग दोघं रिक्षा करून परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसात गेले. तिथे हयग्रीव नावाचे क्लार्क होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, दामोदररावांकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"द्या पासपोर्ट."

"एवढंच?" दामोदररावांचा चेहरा पडला.

"मुदत अजून संपलेली नाही, घरमालक बरोबर आहेत, गुरूंची चिठ्ठी आहे. साहेब सही करतील. इतके दिवस काय करत होता, सार?"

"अभ्यास."

"बरं. पासपोर्ट?"

दामोदररावांनी इंगेरबाईंकडे बघितलं. इंगेरबाईंनी दामोदररावांकडे बघितलं.

"शेजारी आहे," दामोदरराव हळू म्हणाले. "प्रस्थान ठेवलंय."

हयग्रीव म्हैसूरचेच होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "अय्यो. प्रस्थानात पासपोर्ट कोण ठेवतं, स्वामी? आमच्या घरी पंचा ठेवतात. जा, घेऊन या. आज एक वाजता साहेब उठतात. सोमवारी सुट्टी, मंगळवारी साहेब बेंगळूरला."

नागोजीरावांच्या दाराला कुलूप होतं. ते आणि त्यांची बायको जयलक्ष्मी पहिल्या बसने हुणसूरला मुलीकडे गेले होते, दुपारपर्यंत येतील, असं अक्कांनी सांगितलं. दामोदरराव बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. हुणसूरची प्रत्येक बस आली की ते दारापाशी जाऊन उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत. तिसऱ्या बसच्या वेळी एका कंडक्टरने त्यांना, काय हरवलंय, असं सहानुभूतीने विचारलं. चौथ्या बसमधून केळ्यांचा घड पुढे करत नागोजीराव उतरले.

"दामोदरराव, आम्हाला न्यायला आलात? कशाला एवढी तसदी?"

"किल्ली."

"आधी हा घड धरा."

"नागोजीराव, किल्ली द्या."

"किल्ली जयलक्ष्मीच्या कमरेला आहे. ती मागच्या दारानं उतरतेय. घड धरा म्हणतो ना."

दामोदररावांनी घड धरला. घरी पोचेपर्यंत त्यांनी सगळी हकीकत सांगितली. नागोजीरावांनी दार उघडलं, पण देवाच्या खोलीत ठेवलेल्या बॅगेपुढे ते आडवे उभे राहिले.

"ही इथून हलणार नाही. अक्कांनी माझ्या भरवशावर ठेवलीय. आमच्या पणजोबांनी महाराजांच्या फौजेत खजिन्यावर पहारा केलाय, दामोदरराव."

"मला बॅग नको. आतला पासपोर्ट हवाय."

नागोजीरावांनी बायकोकडे बघितलं. जयलक्ष्मी म्हणाल्या, "हात घालू दे की. बॅग जागची हलली नाही म्हणजे आयतु, झालं."

तेव्हा दामोदरराव जमिनीवर पालथे झाले आणि बॅगेला धक्का न लावता त्यांनी आत हात घातला. आधी नारळ लागला. मग शाल. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा पासपोर्ट सापडला.

ऑफिसात साहेबांनी छत्री हातात घेतली होती. हयग्रीवांनी ती त्यांच्या हातातून अदबीने काढून घेऊन पेन दिलं. तीन महिन्यांची मुदत मिळाली. नवरात्र त्यात आरामात बसत होतं.

"झालं," दामोदरराव घरात शिरता शिरता म्हणाले. "मार्ग क्रमांक एक. मी पहिल्यापासून सांगत होतो."

"ते सरकारचं झालं," अक्का म्हणाल्या. "प्रस्थानाचं काय?"

"आता कसलं प्रस्थान? ती जात नाहीये. मी बॅग आणतो."

"निघालेली बॅग मागे फिरवून उंबऱ्याच्या आत आणायची नाही. आता गेलंच पाहिजे."

"अक्का, सरकारने राहा म्हटलंय."

"सरकारला काय, ते कुणालाही राहा म्हणेल."

इंगेरबाई मध्ये बसून दोघांकडे बघत होत्या. त्यांनी आपल्या तुटक मराठीत विचारलं, "अक्का, किती लांब जायचं?"

अक्कांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. "शीव ओलांडली पाहिजे. पलीकडे काहीतरी खाल्लं-प्यायलं पाहिजे."

"आणि परत यायचं?"

"म्हणजे काय? परत यावं म्हणूनच तर हे सगळं करतात."

मग दामोदररावांचा चेहरा उजळला. "हा तर मार्ग क्रमांक दोन. बाहेर जाऊन परत येणे. कोलंबोऐवजी शिवेपलीकडचं येलवाल."

रविवारी सकाळी इंगेरबाईंनी नागोजीरावांच्या घरातून रीतसर बॅग उचलली. नागोजीरावांनी त्यांच्या हातावर दही घातलं. दामोदरराव सोबत निघाले, कारण शीव नेमकी कुठे संपते ते फक्त त्यांनाच माहीत होतं. हुणसूरच्या बसमध्ये बाईंनी बॅग मांडीवर धरली होती. येलवालला दोघांनी कॉफी घेतली, एकेक वडा खाल्ला. बाईंनी रस्त्याकडे, चिंचेच्या झाडांकडे, एका निवांत बैलाकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "छान देश आहे. परत येईन." मग समोरून येणारी बस पकडून दोघं म्हैसूरला आले.

अक्का दारात तयारच होत्या. इंगेरबाईंच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बॅग आत घेतली. मागोमाग दामोदररावांनी पाय उचलला.

"तू कुठे निघालास, दामू?"

"घरात. मी तिच्याबरोबरच गेलो होतो."

"तिचं प्रस्थान होतं. तुझं होतं? येलवाल कुठल्या दिशेला आहे?"

"पश्चिमेला."

"वार कोणता?"

दामोदररावांनी उचललेला पाय उंबऱ्याबाहेरच खाली ठेवला. रविवारी पश्चिमेला जात नाहीत, हे त्यांनाही लहानपणापासून ठाऊक होतं.

"मी बघते काय करायचं ते. तोवर नागोजीरावांच्या कट्ट्यावर बस."

ते जाऊन बसले. थोड्या वेळाने कुंपणावरून निकाल आला. "दामू, तिकडून इकडे यायचं म्हणजे परत पश्चिमेलाच यायचं. आज नको. उद्या सकाळी ये."

"अक्का, दहा पावलं आहेत."

"वनजालाही हॉस्पिटल जवळच होतं."

दामोदररावांनी चपला काढून त्या कट्ट्याखाली नीट लावून ठेवल्या.

ऊन उतरलं. पलीकडे त्यांच्या स्वतःच्या माडीवर वीणा सुरू झाली, एक तार जरा उतरलेली. जयलक्ष्मींनी कालच्या घडातली दोन केळी आणून दिली. नागोजीराव बुद्धिबळाचा पट आणि सोंगट्या घेऊन समोर बसले. त्यांनीही पहिला डाव जिंकला, आणि सोंगट्या पुन्हा मांडताना, परक्या गावच्या पाहुण्याला विचारावं तसं सहज विचारलं,

"मग, मुक्काम किती दिवसांचा?"

वीणा थांबली. माडीच्या खिडकीत इंगेरबाई आल्या आणि त्यांनी तीन बोटं वर केली.

"मिस्टर दामोदर, तीन मार्ग आहेत."

आणि खालून, स्वयंपाकघरातून, अक्कांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी अभ्यास कर."