मागच्या चाकांना ताप

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. जे उघडता येतं ते दुरुस्तही करता येतं, अशी त्याची पक्की समजूत असते. आपले जावईबापू त्यातलेच. डोळ्याला भिंग लावून कणीएवढा स्क्रू चिमट्याने जागेवर बसवण्यात उभी हयात गेलेली. त्यामुळे सासूबाईंच्या जुन्या गाडीची मागची चाकं किंचाळायला लागली, तेव्हा त्यांनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "गॅरेजला कशाला न्यायची? घड्याळात स्प्रिंग असते, ब्रेकमध्येही स्प्रिंगच असते. फक्त जरा मोठी. रविवारी उरकून टाकतो."

बायकोने ताटावरून वर पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. त्यांनी मागे उघडलेला घरचा मिक्सर अजून खोक्यात सुटा पडलेला होता. पण त्या विषयाला तिने हात घातला नाही.

आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. या बाईंनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. गावातले डॉक्टर, पोस्टमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, एकमेकांशी न बोलणारे दोन वकील, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. चौकात एखादी गाडी मागे बघून, इशारा देऊन, कुणाच्या अंगावर न जाता वळली, की लोक म्हणत, हा बाईंचा विद्यार्थी. जावईबापूंना तर त्यांचं इतकं कौतुक की गिऱ्हाइकाला घड्याळ परत मिळण्याआधी सासूबाईंची एक तरी गोष्ट ऐकून घ्यावी लागे. डोळे अधू झाले तेव्हा बाईंनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. शिकवणी बंद केली, टपावरची पाटी उतरवली आणि किल्ली जावयाच्या हातात दिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की जावईबापू त्यांना फिरवून आणत. ग्रंथालय, तळं आणि परत घर. एवढीच फेरी, पण बाईंचा सगळा दिवस तिच्यावर उभा होता. दुपार कलली की त्या पर्स मांडीवर घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या असत. आणि त्यांनी बजावून ठेवलं होतं की गाडीने त्रास दिला तर सरळ भंगारात द्यायची, दुसऱ्या गाडीत त्या बसणार नाहीत, त्यांच्यापायी कुणी ओढाताण करायची नाही. बाई एकदा बोलल्या की बोलल्या. बायकोला धास्ती होती ती याचीच. आई एकदा त्या खुर्चीत कायमची बसली की मग उठायची नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या ब्रेकचा नव्हता.

रविवार उजाडला. शहाणा माणूस एका वेळी एकच चाक उघडतो. आतल्या स्प्रिंगा कुठे अडकवायच्या ते विसरलं तर दुसरीकडे बघून जुळवता येतं. जावईबापूंनी दोन्ही उघडली! एक स्प्रिंग जी उडाली ती थेट शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत. सगळे भाग त्यांनी घरातल्या वाट्यांमध्ये नीट लावून ठेवले, आणि दुपारी बायकोने त्यातल्या दोन वाट्या धुवायला नेल्या. तरी माणूस चिकाटीचा. चाकाला आतून घासून ते थांबवणारे ब्रेकचे लायनर झिजून गुळगुळीत झाले होते, ते बदलले. ते ज्यात बसतात ते ड्रम आतून पुसून घेतले. तेल कुठे गळत नाही ना तेही पाहिलं. दिवेलागणीला कोपरापर्यंत काळे हात घेऊन ते एकटेच एक चक्कर मारून आले. आवाज नाही, वास नाही, चाकं थंडगार. घरी येऊन त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मिशीही काळी झाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शेजारी बसल्या आणि तळं यायच्या आतच मागची चाकं पुन्हा किंचाळली. घरी पोचेपर्यंत जळका वास. जावईबापूंनी चाकाला हात लावून पाहिला आणि तोच हात झटकत नळाकडे धावले.

मग त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. यात काही चुकलेलं नव्हतं, पण उघडलं. एकटे, कान चाकांकडे लावून बैलगाडीच्या वेगाने गेले की चाकं थंड, सासूबाईंना घेऊन गेले की तापलेली. चार-पाच संध्याकाळी हाच प्रकार झाला आणि जावईबापूंच्या मनात एक भयंकर शंका आली. सासूबाई अंगाने भरदार होत्या. वजनाने गाडी एका अंगाला कलत असेल, कललेलं चाक आत घासत असेल. पण हे सासूला सांगायचं कोणी? त्यांनी आडून आडून सुचवून पाहिलं की मागे मधोमध बसलात तर वारा छान लागतो. सासूबाई म्हणाल्या, वारा पुढेही लागतो.

शेवटी त्यांनी आपल्या परीने सभ्य मार्ग काढला. पलीकडच्या रोपवाटिकेतून कुंड्यांच्या मातीचं एक पोतं आणलं, शेजारच्या सीटवर ठेवलं आणि निघाले. चाकं थंड. अंदाज कमी पडला असेल असं वाटून दुसरं पोतं आणलं, पहिल्यावर चढवलं, घसरू नये म्हणून दोघांना मिळून पट्टा बांधला आणि पुन्हा तसेच हळूहळू तळ्यापर्यंत जाऊन आले. वाटेत पोस्टमनने लांबून बाईंना म्हणून नमस्कार केला. पोत्यांनी तो अर्थातच परत केला नाही.

परत आले तर फाटकात सासूबाई उभ्या. त्यांनी खिडकीशी वाकून, डोळे बारीक करून आत पाहिलं.

"ही काय आहेत?"

खोटं बोलणं जावईबापूंना कधीच जमलं नाही. "आई, ती तुमच्या जागी आहेत."

सासूबाईंनी पोतं चाचपलं. मग वरचं चाचपलं. "दोन?" एवढंच त्यांनी विचारलं आणि आत निघून गेल्या.

रात्रीच्या जेवणाला त्या आल्या नाहीत. लेकीकडून निरोप आला की सकाळी भंगारवाल्याला बोलवा, मला आता कुठे जायचं नाही. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की दोन पोती अंगावर पडली असती तर बरं, असं त्यांना झालं.

सकाळी भंगारवाल्याऐवजी जावईबापू झाडू घेऊन गाडीकडे गेले. खालचं पोतं फाटून सीटपुढे माती सांडली होती. शिकवणीच्या गाड्यांमध्ये शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्याने दाबायचा. बाईंची शिकवणी बंद झाली तेव्हा त्याची आतली जोडणी सोडवायचं ठरलं होतं आणि ती सोडवली असंच सगळे धरून चालले होते. त्या पेडलखालची माती काढताना जावईबापूंनी आधाराला त्यावर हात टेकला. पलीकडचा, चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला. हात उचलला, तो वर आला. पुन्हा टेकला, पुन्हा गेला. घड्याळाचा लंबक बघावा तसे ते बराच वेळ ते बघत राहिले.

पोत्यांना पाय नसतात, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

त्यांनी सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. बाईंनी स्वतः पेडल दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवू नका, असं सगळ्या गावाला ओरडून सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "आणि गाडी जाळतेय कोण, तर मीच. मला वाटलं ते नुसतं पाय टेकायला राहिलंय."

जावईबापूंना त्यांची कणव आली. त्यांनी जोडणीची पिन काढून टाकली, पेडल निकामी केलं, पोत्यांबद्दल हात जोडून माफी मागितली. बाईंनीही मोठ्या मनाने ती दिली आणि संध्याकाळी दोघं निघाले. आता काळजीचं कारण नव्हतं.

चौकात गाडी थांबली ती पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पलीकडे. पोस्टमन सायकलसकट फुटपाथवर चढला. तळ्याच्या वळणावर बदकांची रांग विस्कटली. परतताना ग्रंथालयाच्या दारातला कचऱ्याचा डबा तर उताराने गडगडत थेट पायऱ्यांपर्यंत गेला. जावईबापूंनी गाडी कडेला घेतली आणि कपाळावरचा घाम पुसला. गाडी हातात आल्यापासून एक ओरखडा पडलेला नव्हता, आणि आज हे! शेजारी सासूबाईंनी पर्स छातीशी धरली होती आणि त्यांचा पाय त्या मेलेल्या पेडलवर अगदी टोकापर्यंत दाबलेला होता.

जावईबापूंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "आई, म्हणजे इतके दिवस गाडी तुम्हीच थांबवत होता?"

"मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, मी शिकवलं नसताना जावई किती वेळेवर थांबतात. मी तर कौतुक करायचे तुमचं सगळ्यांकडे."

जावईबापू खाली उतरले आणि कचऱ्याचा डबा उचलून जागेवर ठेवून आले.

घरी आल्यावर जावईबापू पुन्हा सीटखाली शिरले आणि त्यांनी ती पिन स्वतःच्या हाताने परत बसवली. बायको विचारत होती की हे काय चाललंय. ते आतूनच बोलले, "आई, मला शिकवाल का?"

बाईंनी पदर सावरला. ती दाराजवळची खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून आत नेली. मग म्हणाल्या, "रोज संध्याकाळी. आणि उशीर केलेला मला चालणार नाही."

शिकवणी सुरू झाली. बाई बोलत, जावई ऐकत. आणि रोज घरी आल्यावर जावईबापू मागच्या चाकाला हात लावून आपली प्रगती बघत. पहिले काही दिवस हात लावता यायचा नाही. मग लावता येऊ लागला. मग कोमट. त्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना सासूबाईंच्या गोष्टींबरोबर आता चाकाचं तापमानही ऐकावं लागे.

आणि एका संध्याकाळी चाक गार होतं. दोन्ही चाकं गार! जावईबापू धावत घरात शिरले. "आई, आज तुम्हाला एकदाही पाय लावावा लागला नाही. बरोबर ना?"

सासूबाई पर्समधून चष्मा शोधत होत्या. "कोण जाणे बाई," त्या म्हणाल्या. "ग्रंथालयापासून माझा डोळाच लागला होता."

जावईबापूंचा चेहरा पडला. ते कोपऱ्यात जाऊन बसले. बायको त्यांच्याजवळ येऊन बसली.

"अरे," ती म्हणाली, "आई त्या सीटवर आजवर आयुष्यात कधी झोपली नव्हती."

जावईबापू उठले. बाहेर गेले आणि उगाचच मागचं चाक आणखी एकदा चाचपून आले.