पुंडलिकरावांची श्रवणचाचणी

श्रवणदोष हा कानाचा असतो, असा समज वैद्यकशास्त्रात सर्वत्र आणि पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात विशेषकरून रूढ आहे. कारंजा तालुक्यातली गोपिका हाच समज घेऊन वाचा, भाषा आणि श्रवणदोष शिकायला वर्ध्याला गेली. (गावाने अभ्यासक्रमाचे नाव सुटसुटीत करून ‘बहिऱ्याईचं कालेज’ असे ठेवले होते.)

तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने एक रुग्ण आणावा, असा नियम होता. इतरांनी रुग्णांसाठी वणवण केली. गोपिकेच्या घरी तो तयारच होता. तिचे आजोबा पुंडलिकराव सात-आठ वर्षांपासून बहिरे होते. दोन्ही मुलांनी ज्या हंगामात शेताची वाटणी मागितली, त्याच हंगामात त्यांचे कान गेले. इतके वक्तशीर इंद्रिय दुर्मीळच म्हणायचे.

या बहिरेपणाचे कौटुंबिक लाभ नोंदण्याजोगे आहेत. वाटणी टळली. सुना सासऱ्यांविषयी सासऱ्यांसमोरच मनमोकळे बोलू लागल्या. घरातल्या सर्व गुप्त बैठका पुंडलिकरावांच्या खाटेवर भरू लागल्या, कारण दुसरी खाट तेवढी मजबूत नव्हती. त्यांचा शब्द घरात अजूनही शेवटचा मानला जाई. तो निघणार नाही, हीच त्याची मोठी सोय होती.

अशाच एका बैठकीत गोपिकेचे वडील चंद्रभान यांनी जाहीर केले, की परीक्षा आटोपताच तिचे लग्न पुलगावच्या मुलाशी होईल. चौथे, म्हणजे प्रशिक्षणाचे वर्ष रद्द. त्या वर्षाशिवाय पदवीच मिळत नाही, हे गोपिकेने समजावून पाहिले.

“तीन वर्सं शिकली ना? मंग चौथ्यात का अलग शिकवतेत?” असा शैक्षणिक प्रश्न विचारून चंद्रभान भेंडी तोडायला निघून गेले. पुंडलिकराव शांतपणे सुपारी कातरत राहिले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिने त्यांना एसटीने वर्ध्याला नेले, ध्वनिरोधक खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि त्याआधी कानाशी ओरडून सूचना दिली, “आबा, आवाज आला त ‘हो’ म्हनजा. नाई आला त ‘नाई’ म्हनजा!”

मग काचेपलीकडून तिने पहिला सूर सोडला.

“नाई,” पुंडलिकराव म्हणाले.

तिने सूर हळू केला. “नाई.” आणखी हळू, पाखराच्या श्वासाइतका. “नाई.” मध्ये ती मुद्दाम बराच वेळ थांबली. पुंडलिकरावही थांबले. सूर पुन्हा वाजताच त्यांनी प्रामाणिकपणे कळवले, “नाई.”

ज्याला आवाज येत नाही, त्याला नकार नेमका केव्हा द्यायचा हे कळण्याचे शास्त्रात कारण नाही. गोपिका माइककडे झुकून कुजबुजली, “पुलगावच्या पोराचं ठरलं, तवा तुमी खाटीवरच व्हते ना, आबा?”

“नाई,” पुंडलिकराव सवयीने म्हणाले, आणि मग त्यांनी काचेकडे पाहिले.

गोपिका आत गेली आणि जाड दार ओढून घेतले. आतले बोलणे बाहेर जात नाही, अशी ती बहुधा जिल्ह्यातली एकमेव खोली होती.

“आयकू येते म्हनलं का मंग बोला लागते, पोरी,” ते म्हणाले. “बोललो का एक ना एक पोरगा नाराज होते. इतके वर्सं झाले, कोनी नाराज नाई माह्यावर.”

“मी आहो ना नाराज.”

पुंडलिकरावांनी हात कानाकडे उचलला आणि “काय म्हनतं?” असे विचारले. मात्र हात अर्ध्यातूनच खाली आला.

अहवालात गोपिकेने ‘दोन्ही कान वयानुरूप उत्तम’ असे लिहिले. परीक्षक खूश झाले. घरी तिने अंगणातच सांगितले, “आबाले सगळं आयकू येते.”

सात-आठ वर्षांत आपण काय काय बोललो, याची प्रत्येक जण आठवण करू लागला. धाकट्या सुनेने पदर सावरला. चंद्रभान जुन्या सवयीने ओरडले, “आबा! पोरगी म्हनते थे खरं व्हय?”

बहिरे राहण्याची संधी अजून गेलेली नव्हती. पुंडलिकरावांनी सुपारी आणि अडकित्ता खाली ठेवला.

“वरडू नको,” ते म्हणाले. “पोरगी चौथं वर्स शिकन. पुलगाववाल्याईले तसं सांगून ये.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांनी वाटणी मागितली. गोपिका चौथ्या वर्षाला गेली. त्यानंतर चंद्रभान यांना तिचा फोन नीट ऐकू येईनासा झाला आहे, विशेषतः वसतिगृहाच्या फीचा विषय निघाला की. दोष आनुवंशिक असावा. संशोधनाला वाव आहे.

वाचकांसाठी हीच चाचणी येथे विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्या घरात, आपल्या देखत, कोणाचे तरी चौथे वर्ष हळू आवाजात रद्द झाले, तेव्हा ते आपल्याला ऐकू आले असल्यास ‘हो’ म्हणावे, नसल्यास ‘नाही’ म्हणावे.

दोन्हींपैकी काहीही म्हणालात? अभिनंदन. आपले कान उत्तम आहेत.