सबुरीला काढायचंय

सबुरीला कामावरून काढायचं, हे मालकीणबाईंनी आतापर्यंत अकरा मंगळवारी ठरवलं होतं. मंगळवार अशासाठी, की त्या दिवशी पार्लरमध्ये गर्दी कमी असते आणि रडारड झालीच तर बघायला कोणी नसतं. पण दर मंगळवारी काहीतरी आडवं यायचं. एकदा सबुरीचा घसा बसला होता. जिला 'का हो?' एवढंही विचारता येत नाही, तिला काढणार कसं? एकदा मालकीणबाईंचीच पाठ धरली, आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन पाठीशी उभी कोण, तर सबुरी. एका हाताने पिशवी लावून घ्यायची आणि तोंडाने 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायचं, याला माणूस निगरगट्ट लागतो. मालकीणबाई फटकळ होत्या, निगरगट्ट नव्हत्या. फटकळ माणसाची हीच पंचाईत असते. बारीकसारीक गोष्टींवरून तोंड सुटतं आणि मोठी गोष्ट घशात अडकते.

सबुरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते पार्लरमधल्या दुसऱ्या मुलीने ठेवलेलं, आणि त्या मुलीचं नाव गिऱ्हाइकांनी वादळ असं ठेवलेलं. पार्लरमध्ये खुर्च्या तीन. एक मालकीणबाईंची, एक वादळची, एक सबुरीची. वादळ वीस मिनिटांत केस कापून मोकळी व्हायची. सबुरीला दीड तास लागायचा. तेवढ्या वेळात वादळची चार गिऱ्हाइकं होत आणि त्यातल्या एकीशी भांडणही होई.

कात्री सबुरीच्या हातात वाईट चालत नव्हती. पण चार केस कापले की ती दोन पावलं मागे जायची, मान तिरकी करून बघायची, आणि "मग पुढे काय झालं?" असं विचारायची. पुढे काय झालं ते ऐकल्याशिवाय पुढचे चार केस कापले जात नसत. मागच्याच महिन्यात एक बाई सासूशी भांडून तरातरा आली आणि "कापून टाका सगळे!" म्हणून खुर्चीत बसली. दोन तासांनी ती डोळे पुसत, हसत, छान वेणी घालून घरी गेली. एकही केस कापलेला नव्हता. भिंतीवरच्या दरपत्रकात समजूत काढण्याचा दर नसल्यामुळे घेतलं काहीच नाही.

"अगं, ती केस कापायला आली होती!" मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही हो ताई. ती रडायला आली होती. केस उद्या कापता येतील, पण उद्या परत चिकटवता आले नसते."

पण त्या दोन तासांत बाकावर ताटकळलेल्या तिघीजणी उठून कोपऱ्यावरच्या नव्या, चकाचक पार्लरमध्ये गेल्या. अशा रोज दोघी-तिघी जात होत्या. मालकीणबाई त्यांच्या पाठी मोजत बसायच्या. हे असंच चाललं तर पार्लरच बंद करायची वेळ येणार, हे त्यांना कळत होतं. आणि सबुरीचं घरही त्यांना माहीत होतं. नवरा राहिला नाही, सासरे अंथरुणाला खिळलेले, मुलगी कॉलेजात. कमावणारी ही एकटी, आणि वय पन्नाशीला टेकलेलं. हिला इथून काढली तर हिला दुसरीकडे उभं कोण करणार?

"त्यात काय एवढं? सरळ काढून टाक," मालकीणबाईंचा नवरा म्हणाला. तो बावीस वर्षं अशा ऑफिसात होता, जिथे बंद पडलेला पंखासुद्धा कोणी काढत नसे. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फारच आवडायचं.

"तुम्ही या आणि काढा."

"मला केसातलं काय कळतंय?" तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

शेवटी बाराव्या मंगळवारी मालकीणबाईंनी मन घट्ट केलं. अडचण आरशांची होती. पार्लरमध्ये चहूकडे आरसे, जिकडे मान वळवावी तिकडे सबुरीचा तो गरीब चेहरा. आरसा नसलेली जागा एकच, पडद्यामागचं केस धुवायचं बेसिन. तिथे मान मागे टाकून झोपलं की फक्त छत दिसतं. छताकडे बघून माणूस काहीही बोलू शकतो. म्हणूनच त्या पार्लरच्या बेसिनवर बायका मन मोकळं करत, आणि तशी तिथली एक रीतच पडून गेली होती. स्वतःचं काही सांगायचं असलं की सुरुवात 'माझी एक मैत्रीण आहे' अशी करायची. सबुरीला ते बरोबर कळायचं आणि कळलंय हे ती दाखवायची नाही.

"जरा माझे केस धू गं," असं म्हणून मालकीणबाई बेसिनला मान लावून पडल्या. डोक्यावर कोमट पाणी आलं. सबुरीची बोटं केसांतून फिरायला लागली. अकरा मंगळवार पाठ केलेली वाक्यं साबणाबरोबर वाहून गेली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"माझी एक मैत्रीण आहे."

बोटं क्षणभर थांबली. "काय झालंय तिला?"

"तिचंही पार्लर आहे. तिला एकीला कामावरून कमी करायचंय. पण जीभच रेटत नाही बिचारीची."

"जिला काढायचंय ती वाईट आहे का स्वभावाने?"

"छे गं! सोन्यासारखी आहे. पण धंद्याला झेपत नाही."

सबुरीने बराच विचार केला. "मग तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, भिजत घोंगडं ठेवू नकोस. रोज मनात काढायची आणि रोज तोंडावर हसायचं, याला काय अर्थ आहे? त्या बाईला काय, कळत नसलं तरी जाणवत असेलच की. फक्त तिला आधी दुसरीकडे जागा बघून द्यावी. एक हात कुणाच्या तरी हातात दिला, की मगच आपला सोडावा."

सल्ला अगदी योग्य होता. आता 'ती तूच' एवढे दोन शब्द बोलायचे बाकी होते. पण सबुरीची बोटं कपाळाच्या कडेवर आली, आणि मालकीणबाईंना जी झोप लागली ती चाळीस मिनिटांनीच मोडली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि पडद्याबाहेर वादळ कुणाला तरी "ताईंची मीटिंग चालू आहे" असं सांगत होती.

इकडे सबुरीच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. मैत्रीण म्हणजे ताईच, यात शंका नव्हती. कामाला आपण दोघी. ताईंनी सल्ला विचारला आपल्याला. आता जिला काढायचंय तिलाच कोणी सल्ला विचारतं का? म्हणजे नंबर लागला वादळचा! गिऱ्हाइकांशी भांडते ना, तेच भोवलं पोरीला. सबुरीला वाईट वाटलं. आणि सबुरीला वाईट वाटलं की ती गप्प बसत नसे.

बुधवारी तिने वादळला स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. गुरुवारी तिची खुर्ची पुसली, तिच्या वाटचा केर काढला, आणि दुपारी उगाचच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, असं का बघताय माझ्याकडे?" वादळ म्हणाली. "मला काही झालंय का? डॉक्टरकडून रिपोर्ट आलाय का माझा?"

"काही नाही गं. होईल सगळं चांगलं."

धडधाकट माणसाला 'होईल सगळं चांगलं' असं कोणी सांगितलं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. वादळने त्या संध्याकाळी खरंच जाऊन रक्त तपासून घेतलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सबुरी कोपऱ्यावरच्या चकाचक पार्लरमध्ये गेली, वादळसाठी शब्द टाकायला. आणि शनिवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मालकीणबाईंच्या खुर्चीशेजारी येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी आजपासून काम सोडते म्हणते."

आता खरं तर मालकीणबाईंनी आनंदाने उडी मारायला हवी होती. जे वाक्य त्यांना अकरा-बारा मंगळवार बोलता आलं नाही, ते समोरचीने आपण होऊन बोलून टाकलं होतं. पण माणसाच्या मनाचं काही खरं नाही.

"काम सोडतेस? मला न विचारता? नऊ वर्षं इथे काढलीस आणि उठलीस की निघालीस? मी काय कमी केलं गं तुला?"

"तसं नाही ताई. मी तिकडे गेले होते वादळसाठी. पण त्यांना हवीय डोक्याला मालिश करणारी. त्यांच्याकडे मालिशचे पैसे तासावर घेतात. एक तास म्हणजे पुरा एक तास. वादळ तर दहा मिनिटांत गिऱ्हाइकाला उठवेल! म्हणून म्हटलं, मीच जाते. म्हणजे तुम्हाला कुणाला काढायला नको. सुटली की नाही तुमची मैत्रीण?"

तासावर! मालकीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नऊ वर्षं ही बाई वेळ लावते म्हणून त्या चरफडत होत्या, आणि कोपऱ्यावर लोक त्या वेळाचेच पैसे घेत होते. "अगं, मग आपणही सुरू करू ना मालिश!"

"कुठे ताई? त्या एवढ्याशा पडद्यामागे? बाई तिथे पाय लांब करून झोपली तर पाय बाहेर बाकावर येतील."

तेही खरं होतं. आता एवढ्यावरच थांबलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. सबुरीला जागा मिळाली होती आणि मालकीणबाईंच्या डोक्यावरचं ओझंही उतरलं होतं. पण सबुरीला वादळचा निरोप घ्यायचा होता. वादळच्या खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापिका बसलेल्या. डावीकडचे केस कानापर्यंत कापून झालेले, उजवीकडचे खांद्यापर्यंत जसेच्या तसे.

"नीट राहा गं बाळ," सबुरी म्हणाली. "गिऱ्हाइकांशी भांडू नकोस. या खेपेला वाचलीस. तुझ्याऐवजी मी जातेय."

वादळची कात्री हवेत थांबली. "माझ्याऐवजी? म्हणजे मला काढणार होत्या?" तिने एप्रन काढून मालकीणबाईंच्या पायाशी टाकला. "चार-चार गिऱ्हाइकं मी उरकायची, आणि काढायची मलाच? मीच निघाले. धरा हा तुमचा एप्रन!"

"अगं, माझे केस!" मुख्याध्यापिका ओरडल्या. "संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे!"

"थांब!" मालकीणबाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. "तुला नाही, हिला काढणार होते! हिला!"

बाकावरच्या पाचजणींनी हातातली मासिकं खाली केली. सगळ्या आरशांत सबुरीचाच चेहरा होता, आणि मालकीणबाईंना मान वळवायला जागा उरली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बेसिनवर आडवं पडून मैत्रिणीच्या नावाने जे सांगितलं, ते उभ्याने, सगळ्यांसमोर, असं फेकून मारलं याची त्यांना लाज वाटली.

सबुरीने वादळच्या हातातली कात्री घेतली आणि मुख्याध्यापिकांच्या उजव्या बाजूचे चार केस कापले. दोन पावलं मागे गेली. मान तिरकी करून बघितलं. पुन्हा चार केस कापले. बाकावरची एकही बाई उठली नाही. वादळनेसुद्धा एप्रन उचलून गुपचूप घातला.

पाऊण तासाने दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मुख्याध्यापिकांनी आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग सबुरी मालकीणबाईंकडे वळली.

"म्हणजे त्या दिवशी मी दिलेला सल्ला माझ्याचसाठी होता?"

"हो गं."

"बरा होता का?"

"फार चांगला होता." मालकीणबाईंनी पदराने नाक पुसलं. "मीच नाही ऐकला. जागा मी बघून द्यायची, ती तू तुझीच शोधलीस."

"मी कुठे माझ्यासाठी शोधली? मी तर हिच्यासाठी गेले होते," सबुरी म्हणाली आणि तिलाच हसू आलं. हसता हसता तिने डोळे पुसले. मग पुसता पुसता खुर्चीवर बसली, आणि वादळने न सांगता तिला पाणी आणून दिलं.

"ताई, राग नाही माझा," ती पाणी पिऊन म्हणाली. "पण मंगळवारीच सांगितलं असतंत तर हिने उगाच रक्त तरी दिलं नसतं. आणि एक काम आहे. तिकडच्या बाईंनी जुन्या जागेवरून चार ओळी लिहून मागितल्यात, माझं काम कसं आहे म्हणून. द्याल ना?"

मालकीणबाईंनी पार्लरचं नाव छापलेला कागद काढला. सबुरीचे दोष त्यांना अकरा मंगळवार घोकून तोंडपाठ होते, आणि गुण लिहायला बसल्या तर एकेक आठवत बसायची वेळ आली. बाकावरच्या बाया ताटकळल्या. वादळने दोघींना उरकलं, एकीशी वाद घातला आणि तिची माफीही मागितली. तरी मालकीणबाई लिहितच होत्या. एक ओळ लिहायची, कागद लांब धरून बघायचा, मग खोडायचं. नवरा दुपारचा डबा घेऊन आला, त्यांचं तोंड बघून डबा ठेवून निमूट परत गेला. शेवटी नवा कागद घेऊन त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, खाली सही ठोकली आणि घडी न घालता तो कागद सबुरीच्या हातात दिला.

कागदावर लिहिलं होतं: 'हिला कामाला वेळ लागतो. लागू द्यावा.'