निळी पुरणपोळी

प्रमोदिनीने महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची पहिली पुरणपोळी उलटली आणि तिचा हात तिथेच थबकला. पोळीवर निळे डाग उठले होते.

दारात उभा तिचा नवरा गुणाकर हळूच एक पाऊल मागे सरकला. बालाघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाने, तिथली भट्टी बिघडली म्हणून, कालच आईच्या सोवळ्याच्या तव्यावर निळीच्या पानांचा रंग आणि एक खास माती चोरून भाजली होती. मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांचा निळा रंग म्हणे असाच व्हायचा. ना उन्हाने विटायचा, ना आम्लाने जायचा. त्याची प्रचीती तवा घासताना आलीच. लिंबू झालं, सोडा झाला, राख झाली. शेवटी काळ्यावर निळं कोणाला दिसतंय, म्हणून त्याने तवा गुपचूप जागेवर ठेवला होता. चिकटून बसलेली ती पूड पोळीच्या तुपाने सुटेल, हे त्याला सुचलंच नव्हतं.

"तव्याले कोनं हात लावलता?" आई, शांताबाई, कडाडल्या. महालक्ष्म्या कडक, सोवळ्यात चूक झाली की घराचं वाटोळं, हे गुणाकर लहानपणापासून ऐकत आला होता.

तेवढ्यात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला असलेले जावई वीरेंद्र डोकावले आणि किंचाळले, "अरे, हे तं मोरचूद हाय! जहर! खाल्लं तं खेल खतम!"

"बाहेर सवाष्णी येऊन बसल्या, आता त्याइले काय वाढू वो मी?" प्रमोदिनीला रडू कोसळलं.

"मोरचूद नाही, जवाईबापू! मीच भाजलं ते. नीळ न् माती, बस!"

"मंग खाऊन दाखवा ना, भाऊ."

गुणाकरला आठवलं, कॉलेजातून आणलेल्या बाटलीवरचं लेबल फाटलेलं होतं. ती निळीचीच होती ना? पण आता मागे फिरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात बायकोची माफी मागितली आणि अख्खी पोळी तोंडात कोंबली.

वीरेंद्रने नाडी धरली. बराच वेळ गेला आणि गुणाकरने एक खणखणीत ढेकर दिली.

"पाह्यलं, आई? मले काईच नाही झालं!"

शांताबाईंनी कपाळाला हात लावला.

"देवीच्या आधी तोंड घातलं ना रे तू! मेला असता तं सुतक लागलं असतं, तेराव्याले फिटलं असतं. ह्या उष्ट्या नैवेद्याचं पाप आता कोन फेडन?"