हॉलंडमधला पाण्याचा निचरा आणि नॉरबेक गावची आवडनिवड

माणसाला काय आवडतं हे त्यालाच विचारलं की कळतं, या भक्कम पायावर आजचं जग उभं आहे. अमेरिकेत १९८३ साली या कामाची एक शास्त्रशुद्ध पद्धत होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरातली एक मापन कंपनी निवडक घरांना एक पुस्तिका आणि एक पेन्सिल पाठवायची. घरच्यांनी आठवडाभर, दर पंधरा मिनिटांचा हिशोब ठेवून, टीव्हीवर काय पाहिलं ते स्वहस्ते लिहायचं. लोक खोटं लिहितील ही शक्यता कंपनीने आधीच तपासून पाहिली होती. (त्यासाठी तिने लोकांना "तुम्ही खोटं लिहिता का?" असं विचारलं. शहाण्णव टक्के लोक "नाही" म्हणाले. उरलेल्या चार टक्क्यांनी प्रश्न नीट वाचला नसावा.)

नेब्रास्कातल्या नॉरबेक गावी अशी एक पुस्तिका फेब्रुवारीत हार्लन लिंडक्विस्टच्या दारात येऊन पडली. हार्लन म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. लाकडाच्या वखारीचा मालक, चर्चच्या गायनवृंदातला सगळ्यात खर्जातला आवाज आणि वाचनालय समितीचा अध्यक्ष. 'टीव्ही: दिवाणखान्यातला दरोडेखोर' या विषयावर त्याची तीन व्याख्यानं झाली होती, त्यातलं तिसरं लोकाग्रहास्तव. (आग्रह करणारे लोक म्हणजे तो आणि समितीचा सचिव. व्याख्यानाच्या दिवशी सचिव आजारी पडला.)

तर असा हा हार्लन दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता पडदे ओढून 'निळ्या खाडीचा वैमानिक' बघत बसायचा.

मालिकेची गोष्ट १९३६ सालातली, दक्षिण समुद्रातल्या बेटांवरची. कॅप्टन डेक्स्टर कोल नावाचा एक फाटका, उधार सिगारेटी ओढणारा वैमानिक आणि त्याचं पाण्यावर उतरणारं जुनाट विमान, नाव 'लुलाबेल'. विमान गळकं होतं, त्यामुळे प्रत्येक भागात कॅप्टनला ते कॉफीच्या किटलीने उपसावं लागे. प्रत्येक भागात कुणीतरी चोरीचा नकाशा घेऊन चढे, प्रत्येक भागात इंजिन बंद पडे आणि प्रत्येक भागात, सात बावन्नला, लुलाबेल लाटांना पोट घासत पाण्यावर उतरे. डोकं चालवावं लागेल असं त्यात काहीही नव्हतं. हार्लनला ती प्राणापलीकडे आवडायची. एकोणिसाव्या वर्षी तो नौदलाच्या विमानदळात जायला निघाला होता. डोळे तपासणाऱ्याने तिसऱ्या ओळीवरच त्याला घरी पाठवलं आणि तो बापाच्या वखारीत बसला. आता अठ्ठावन्नाचा होता आणि समुद्र त्याने अजून पाहिला नव्हता. बुधवारचा तो एक तास सोडला तर आयुष्यात त्याला पाणी दिसायचं ते आंघोळीला.

अडचण एकच होती. बुधवारी सातला चर्चमध्ये गाण्याचा सराव असे. हार्लनची पाठ म्हणून त्याच सुमाराला धरू लागली. ही साथच होती म्हणायची. त्या हिवाळ्यात एकोणीस गायकांपैकी अकरा जणांच्या पाठी धरल्या, सगळ्यांच्या बुधवारी, आणि गुरुवारी सकाळी आपोआप सुटल्या. गावच्या डॉक्टरांनी उत्तरेच्या वाऱ्याला दोष दिला. (डॉक्टर स्वतः मधल्या पट्टीत गात. पाठ त्यांचीही दुखे.) हार्लनची बायको वेर्ना मात्र सरावाहून परत आली की कोट काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायची. दुखणं नवऱ्याच्या पाठीत आणि ताप टीव्हीच्या पाठीला, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने याहून वाईट थापा पचवल्या होत्या.

पुस्तिका आली त्याच दिवशी पेपरात बातमी होती की 'निळ्या खाडीचा वैमानिक' शेवटच्या घटका मोजतो आहे, आणि या आठवड्याचे आकडे आले की वाहिनी त्याला ठेवायचं की घालवायचं ते ठरवणार आहे. पुस्तिकेसोबतच्या पत्रात तर लिहिलं होतं, की सदर कुटुंब हे एक्केचाळीस हजार दोनशे कुटुंबांचं प्रातिनिधिक कुटुंब समजण्यात येईल. हार्लनने ते पत्र दोनदा वाचलं. त्याच्या हातातल्या पेन्सिलीला एक्केचाळीस हजार घरांचं बळ होतं. कॅप्टन कोलला आयुष्यात एवढी मदत कुणी केली नव्हती.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, तो लिहायला बसला. सोमवार, मंगळवार सुरळीत पार पडले: 'टीव्ही बंद'. बुधवारच्या रकान्याशी पेन्सिल थांबली. पुस्तिका टपालातून जाणार. टपाल कचेरीत गावातली कुठली पाकिटं जाड आणि कुठली पातळ हेसुद्धा तोंडपाठ असतं. शिवाय 'बुधवार, सात ते आठ, वैमानिक' असं लिहिलं की पाठीचं काय? आणि दरोडेखोराचं काय?

"खरं काय ते लिही," वेर्ना भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुझं तुलाच बरं वाटेल."

"गावात अशी पाच घरं निवडली आहेत म्हणे. बाकीचे चौघे लिहितीलच की. त्यांना कुठे अब्रू आहे?"

"आणि त्यांनीही असाच विचार केला तर?"

अध्यक्षांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता येतातच असं नाही. हार्लनने पेपरातलं वेळापत्रक उघडलं, सात वाजता शैक्षणिक वाहिनीवर काय होतं ते पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हॉलंडमधला पाण्याचा निचरा, भाग चौथा. संपूर्ण पाहिला.' शेऱ्याच्या जागी त्याने 'उद्बोधक' असंही लिहिलं. मग त्याने पुस्तिका पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. आपण काय केलं हे त्याला कळत होतं.

मार्चमध्ये मालिका बंद झाली. शेवटच्या भागात लुलाबेल वादळात सापडली, इंधनाचा काटा शून्यावर आला, कॅप्टनने खाली पाहिलं आणि पडद्यावर अक्षरं आली: 'पुढे चालू'. पुढे काही चालू झालं नाही. दुसऱ्या बुधवारी त्या जागी शिवणयंत्रांच्या जाहिराती लागल्या. हार्लन तरीही सात बावन्नपर्यंत बसून राहिला.

"तो अजून वरच आहे, वेर्ना," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

एप्रिलमध्ये कंपनीचं आभाराचं पत्र आलं. नॉरबेकमधल्या पाचापैकी पाच घरांनी 'पाण्याचा निचरा' संपूर्ण पाहिल्याची त्यात विशेष नोंद होती. पाचही घरांनी शेरा 'उद्बोधक' असा दिला होता. अशी एकवाक्यता साऱ्या देशात आढळली नव्हती. (त्या बुधवारी बर्फाच्या भाराने शैक्षणिक वाहिनीचा मनोरा वाकला होता आणि सहापासून दहापर्यंत त्या वाहिनीवर नुसत्या मुंग्या होत्या. कंपनीने याची दखल घेतली नाही. आकड्यांवर हवामानाचा परिणाम होऊ नये असा नियम आहे.) उपरोक्त लोकप्रियतेमुळे निचऱ्याचे आणखी तेरा भाग मंजूर झाले. मेमध्ये त्या मालिकेचे निवेदक, हॉलंडचे डॉ. टेर हॉर्स्ट, आपल्या सर्वांत निष्ठावान गावाला भेटायला आले. म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

चर्चच्या तळघरात कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या आणि अख्खा गायनवृंद पाठ ताठ करून बसला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी. स्वागताचं भाषण अर्थातच अध्यक्षांनी केलं. मग डॉक्टर टेर हॉर्स्टनी फार प्रेमाने विचारलं की नॉरबेकला यातलं नेमकं काय भावलं.

हार्लनने तोंड उघडलं. बांध, पंप, पवनचक्क्या असे चार शब्द त्याने कागदावर लिहून आणले होते. पण कागद त्याला दिसेना.

"तो पाण्यावर उतरतो ते," तो म्हणाला. "इंजिन बंद पडलेलं असतं, काही खरं नसतं, आणि तरी लुलाबेल उतरते. दर बुधवारी उतरायची."

मग मागच्या रांगेत चर्चचे पास्टर एंगडाल उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. गावचे डॉक्टर, टपाल कचेरीवाल्या बाई, ऑर्गन वाजवणारे दंतवैद्य, एकेक करत सगळे उठले. वेर्ना सगळ्यांच्या आधी उठली होती.

पाहुणे गोंधळले. आपल्या मालिकेत विमान नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

"असेल," पास्टर गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे बर्फामुळे चित्र जरा वेगळं दिसतं."

नॉरबेककरांना हसायचा अधिकार वाचकाला जरूर आहे. सुज्ञ वाचक असल्या फालतू विमानाच्या गोष्टीवर आपला वेळ दवडत नाही, हे आम्ही जाणतो. आत्ता घरात कुणी विचारलंच, "एवढं काय वाचत होता?", तर हॉलंडमधल्या पाण्याच्या निचऱ्यावर एक लेख होता म्हणून सांगावं. आम्हीही तसंच लिहून घेतलं आहे. शेरा: उद्बोधक.