वेंकोबाअण्णांची तक्रारवही

वेंकोबाअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टुलावर उभं राहून कपाटाचं दार उचकटताना. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. नवऱ्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून बेंगळुरात, जयनगरमध्ये राहायला आलो होतो. मराठी मंडळाचं वाचनालय आहे असं कळल्यावर मी रविवारी सकाळीच तिथे पोचले. पासष्टीचे एक गृहस्थ धोतर खोचून, दोन स्क्रू ओठांत धरून स्टुलावर उभे होते आणि भिंतीला सहा दारं टेकवून ठेवलेली होती.

मला वाटलं, सुतार असतील. म्हटलं, "दुरुस्ती चाललीय का?"

त्यांनी स्क्रू तोंडातून काढून खिशात टाकले. "झाली की दुरुस्ती. दार असलं की कुलूप येतं. कुलूप आलं की कुणाकडे तरी किल्ली जाते. मग तो किल्लीवाला ठरवणार, तुम्ही काय वाचायचं आणि काय नाही. तुम्ही नवीन अल्वा, नवीनच ना? या, हे दार स्वल्प धरा."

मी दीड तास दारं धरत होते. निघताना पुस्तक न्यायचं राहूनच गेलं.

अण्णा घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि वाचनालयाचे बिनपगारी चिटणीस होते. त्यांचं घराणं इथे तीनशे वर्षांपूर्वी आलेलं. "आम्ही आलो तेव्हा इथं सगळं रान होतं," असं ते इतक्या सहज सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, गेल्या उन्हाळ्यातच सामान उतरवलं असेल. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, पण मला 'अक्का' म्हणायचे. दूधवालीलाही अक्काच म्हणत आणि दोघींशी सारख्याच अदबीनं बोलत.

कुठल्याही देशात पुस्तकावर बंदी आली की अण्णांची भूक मरायची. पेपरात बातमी दिसली की ते त्याच दिवशी त्या देशाच्या गृहमंत्र्यांना पत्र लिहीत. एक प्रत इंग्रजीत, एक कन्नडमध्ये आणि एक मराठीत, कारण मंत्र्यांच्या हाताखाली कोण असेल ते सांगता येत नाही. एकदा एक पाकीट चार महिन्यांनी परत आलं. त्यावर कुठल्याशा परक्या लिपीतला शिक्का होता. अण्णांनी ते आठवडाभर सगळ्यांना दाखवलं. "बघा, त्यांनी हातात घेतलंय," म्हणाले.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे तक्रारवही. लांबरुंद, लाल कापडी बांधणीची ही वही वाचनालयाच्या टेबलावर सुतळीनं बांधलेली असे. एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी नाक मुरडलं की अण्णा आधी विचारत, "वाचलंत?" आणि समोरचा निसटू नये म्हणून लगेच कन्नडमध्ये, "ओदिद्रा?" मग वही पुढे सरकवत. नियम एकच होता. ज्या मजकुराला हरकत आहे, तो तक्रारदारानं स्वतःच्या अक्षरात, काना-मात्रेसह उतरवून काढायचा आणि मगच खाली तक्रार लिहायची. बहुतेकांना दुसऱ्या ओळीला काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. गोडबोलेबाई मात्र निवृत्त मुख्याध्यापिका, त्या हटल्या नाहीत. एका कादंबरीतली नऊ पानं त्यांनी तीन रविवार बसून उतरवली आणि चौथ्या रविवारी येऊन तिचा दुसरा भाग आलाय का, असं हळूच विचारलं.

अर्थात सगळा आक्षेपार्ह मजकूर एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे वाचनालयात सर्वात जास्त ती वहीच वाचली जायची. तिच्या पहिल्या पानावर फक्त अण्णांच्या अक्षरात अर्धवट ओळ होती: 'त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यासाठी'. पुढे काहीच नाही, खाली तक्रारही नाही. हे कुठल्या पुस्तकातलं, यावर आमच्यात पैजा लागायच्या. अण्णांना विचारलं तर म्हणत, "पेन चालतं का, बघत होतो."

त्याच वर्षी माझी गोष्ट मंडळाच्या वार्षिकांकात आली. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही छापून आलं होतं. पोळ्यांच्या चळतीत मऊ पोळ्या तळाशी दडवून मुलाला वाढणारी आणि वरच्या कडक पोळ्या सुनेच्या पानात टाकणारी एक सासू, एवढीच ती गोष्ट. अंक बेळगावहून छापून आले. वाटप व्हायच्या आधी कुणीतरी गोष्टीची बातमी फोडली आणि मंडळातल्या पाच सासवांनी ती आपल्यावरच असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या नेनेकाकूंच्या मुलाचं तर लग्नही ठरलं नव्हतं. "येणाऱ्या मुलीला आधीच सावध केल्यासारखं झालं हो," असं त्या मला डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या.

ज्यांच्यावर गोष्ट होती त्या माझ्या सासूबाई पुण्यात होत्या. त्यांना मी हस्तलिखित धाडलं होतं. त्यांचं पत्र आलं, 'छान लिहिलंयस. पण ती बाई फारच धूर्त दाखवलीस, अशी कुणी असते का?'

मंडळाची बैठक झाली. अण्णांनी नऊ सभासदांना एकेक करून विचारलं, "वाचलंत? ओदिद्रा?" एकानंही वाचली नव्हती. तरी ठराव झाला की गोष्ट काढून टाकायची. पानं फाडता येईनात, कारण गोष्टीच्या पहिल्या पानामागे अध्यक्ष दामल्यांचा फोटो होता आणि शेवटच्या पानामागे त्यांचा काशीयात्रेवरचा लेख. शेवटी ठरलं की मधली पानं खळ लावून एकमेकांना चिकटवायची, म्हणजे गोष्ट आत राहील आणि अध्यक्ष बाहेर.

रविवारी सभागृहात मैद्याच्या खळीचं पातेलं आलं आणि अण्णा दारात उपोषणाला बसले. बसायला त्यांनी कपाटाचंच एक दार आणलं होतं. मधुमेहाच्या गोळ्यांमुळे उपोषण दहा ते एकच होतं. मधल्या वेळात अध्यक्षांनी माणुसकीनं कॉफी पाठवली, ती अण्णांनी घेतली. "कॉफी उपोषणात धरत नाहीत," म्हणाले. एक वाजता उठून ते जेवायला गेले, आणि तोवर दोनशे अंक चिकटूनही झाले होते.

आमच्या वार्षिकांकाची परंपरा अशी की तो घरी जायचा आणि फडताळात बसायचा. या वर्षी मात्र प्रत्येकानं आधी चिकटलेली पानं चाचपून पाहिली. कुणाला, कशी युक्ती सुचली कोण जाणे, पण आठवडाभरात जयनगरातली निम्मी मराठी इडलीपात्रं अंकांसाठी चढली. वाफेवर धरलं की खळ सुटते, पानं अलगद उघडतात. मला फोन येऊ लागले. "अहो, तिसऱ्या पानाचा कोपरा जरा विरघळलाय, सून तिथे काय म्हणते?" खुद्द दामल्यांचा अंक मी त्यांच्या टीपॉयवर पाहिला, पापडासारखा वळलेला होता.

मला हसू येत होतं, पण ते फार टिकलं नाही. आता सगळ्यांनी वाचल्यामुळे पाचाच्या अकरा सासवा झाल्या. हळदीकुंकवाला मी गेले की बोलणं थांबायचं. परक्या गावात मराठी बोलायला हीच काय ती घरं होती. मग दामल्यांचा निरोप आला की लेखी माफी द्या, विषय संपवू. मजकूरही त्यांनीच पाठवला होता, 'मी ही कथा मागे घेते व मंडळातील कुणाशी साम्य वाटेल असे यापुढे काही लिहिणार नाही.' पोळ्या लाटणारी प्रत्येक बाई त्या अटीत बसत होती. नवरा म्हणाला, "दे ना सही, फुलांवर लिही हवं तर." मी सही केली. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

पत्र चिटणिसांमार्फत द्यायचं, म्हणून सकाळी अण्णांच्या घरी गेले. आत पुस्तकंच पुस्तकं, आणि एकाही कपाटाला दार नाही. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. वाद घालतील म्हणून मी तयारीत होते. ते नुसतं "सरी, ठीक" म्हणाले, मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि पत्र ओट्यावर ठेवलं.

तिथे ओट्याच्या वर भिंतीत एक छोटं फडताळ होतं. त्याला दार होतं, कडीही होती. त्यातून त्यांनी एक जुनी शाळकरी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वहीवर नाव होतं 'सौ. कावेरी'. अण्णांची पत्नी. मी बेंगळुरात यायच्या आधीच ती गेली होती.

वही उघडली. पानांवर नुसती निळी शाई पसरलेली होती, जणू कुणी नीळ सांडली असावी. कुठे एखादी वेलांटी, कुठे पूर्णविराम. आठ-दहा पानं तशीच. फक्त पहिल्या पानावर वरच्या कडेला एक ओळ शिल्लक होती.

'त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यासाठी'



"लग्नाला दोन वर्षं झाली होती," अण्णा म्हणाले. "दुपारी लिहीत बसायची. दिवाळी अंकाला गोष्ट धाडणार होती. आई मला म्हणाली, ही माझ्याबद्दल काहीबाही लिहिते, चार लोकांत माझी शोभा होईल. मी ह्याच ओट्यावर खळ केली आणि सगळी पानं चिकटवून टाकली. कावेरीच्या देखत."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. खळीचं पातेलं घासून ठेवलं. पुन्हा कधी लिहिलं नाही. चौतीस वर्षं संसार केला, मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही." ते वहीच्या कडेवरून बोट फिरवत होते. "ती गेल्यावर ही वही वाफेवर धरली. छापलेली शाई राहते, अक्का. तुमची राहिली की. ही दौतीतली होती."

मी डोळे पुसत होते. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते वळून कॉफीचं आधण ठेवायला लागले.

"आईला वाचता येत नव्हतं," माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले. "मला येत होतं. मीही नाही वाचलं."

आधणाला उकळी आली. मग त्यांनी कॉफी गाळली, एक पेला माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्ही लिहिणाऱ्या आहात. सांगा की स्वल्प. सासूबाईंनी तिच्यासाठी काय केलं असेल?"

मी कॉफी संपवली, ओट्यावरचं माझं पत्र उचलून पर्समध्ये टाकलं आणि अण्णांकडे कोरी वही मागितली.